मोठ्या चाकाचं रशियन नाव

रशियन भाषेत फ्लायव्हीलला मखवीक म्हणतात. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतं ते मोठं, जड चाक. एकदा फिरायला लागलं की इंजिन बंद केलं तरी आपल्याच वजनानं बराच वेळ फिरत राहणारं. तर हा मखवीक शब्द आला कुठून, यावरून आमच्या घरात एकदा इतकं भांडण पेटलं की दूध उतू गेलं, आणि ते कुणी पुसायचं यावरून दुसरं भांडण झालं. आता दूध कधी उतू जात नाही. बरोबर वेळेवर गॅस बंद करते मी. काय चाटायचंय ते शहाणपण?

मी मूळची नांदेडची. हैदराबादला जाऊन रशियन शिकले. का शिकले म्हणून लोक अजून विचारतात. त्या काळी रशियन पुस्तकं फार स्वस्त मिळायची, गुळगुळीत कागदाची, आत बर्फ आणि अस्वलं. मी भुलले, दुसरं काय. शिकून परत आले तर नांदेडात त्या भाषेचं करायचं काय? आई म्हणायची, "आता हिच्याशी बोलायला रशियातनं एखादा माणूस आणा."

माणूस नाही आला, इंजिन आलं. एका तेलगिरणीच्या मालकानं कुठूनतरी जुनं रशियन डिझेल इंजिन उचललं होतं, आणि सोबत आलेलं पुस्तक सगळं रशियनमध्ये. इंजिन बसवायला लातूरहून एक मिस्त्री बोलावला होता. पुस्तक वाचायला गावात कुणी आहे का म्हणून विचारपूस झाली आणि वडिलांना सोबत घेऊन मी गिरणीत जाऊन बसले. मी वाचायचं, मिस्त्रीनं बसवायचं. मला शब्द येत होते, वस्तू एकही ठाऊक नव्हती. त्याचं बरोबर उलटं. मी "मखवीक" असं वाचलं की तो चित्रात डोकवायचा आणि म्हणायचा, "मोठं चाक हाय ते. पुढं वाचा."

पुढं लिहिलं होतं, इंजिन बंद केल्यावर मखवीक पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये, कुणालाही जाऊ देऊ नये. मी मोठ्या ऐटीत ते मराठीत सांगितलं. मिस्त्री हसला. "हे सांगायला रशियाचं पुस्तक कशाला लागतंय? आमच्या मिलमधी त्याची खूणच हाय."

आणि त्यानं ती खूण करून दाखवली. तळहात जमिनीकडं करून छातीसमोरून आडवा, हळू नेला. म्हणजे बंद. मग तोच तळहात माझ्याकडं उभा धरला आणि तसाच धरून ठेवला. म्हणजे थांबा, चाक अजून फिरतंय. चाक थांबल्याशिवाय तो हात खाली घ्यायचा नाही. वडील खुर्चीवर पेंगत होते. पुढचं काही मी सांगणार नाही. वर्षभरात लग्न झालं आणि मी लातूरला आले.

सासरच्या बायका आपापसात म्हणायच्या, "सुनंला रशियन येतंय म्हणं, भाकरी येती का?" येत होती. पण त्यांना कशाला सांगू? दोन दिवस खाऊ दिल्या त्यांच्याच हातच्या.

हे लातुरातल्या एका डाळमिलमध्ये इंजिनावर होते. डाळमिल ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना तिथला आवाज सांगून कळायचा नाही. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि तोंड उघडलं की भुसा आत. त्यामुळं तिथं सगळं बोलणं हातानं चालायचं. मुठीवर मूठ आपटली की तूर अडकली. चिमूट दाखवली की माल कमी सोड. मिशीला पीळ दिला की मालक आला, विड्या विझवा. आणि खांद्यापासून अख्खा हात गोल फिरवला की मोठं चाक, म्हणजे इंजिन. मी रोज डबा घेऊन जायचे, बघून बघून मलाही सगळं यायला लागलं. मग काय, लग्नाच्या मांडवात बायकांच्या घोळक्यात मी गप्पांना बसले की पुरुषांच्या बाजूनं हे छातीसमोरून तळहात आडवा न्यायचे. बंद कर, घरी चल. मी इकडनं मूठ आपटायची. अडकलेय, थांबा जरा.

त्या मिलमध्ये एक रीत होती. ज्यानं इंजिन बंद केलं त्यानंच चाकापाशी उभं राहायचं, हात वर करून, चाक पूर्ण थांबेपर्यंत. तोवर कुणी पट्ट्याला हात लावायचा नाही, कुणी डबा उघडायचा नाही. फार पूर्वी कुणाचं तरी उपरणं त्या फिरत्या चाकात गेलं होतं म्हणे, तेव्हापासून. मी गरम भाकरी घेऊन दारात उभी, आणि हे तिकडं तोंड करून, हात वर करून, पुतळा. "अहो, भाकरी गार होऊन राहिली!" ऐकू कुठं जातंय? गेलं असतं तरी हलले नसते. त्या चाकाच्या नावानं मी किती बोटं मोडली असतील, माझं मला माहीत.

पुढं मिलमध्ये विजेच्या मोटारी आल्या, इंजिन भंगारात गेलं. ह्यांची सवय कुठं जाते? घरात मिक्सर बंद केला की त्याच्यासमोर हात वर करून उभे. आतलं पातं थांबेपर्यंत मला झाकण उघडू द्यायचे नाहीत. मी म्हणायची, "मिस्त्री, चटणी आहे ती, इंजिन नाही." मी त्यांना मिस्त्रीच म्हणायची. नाहीतर अहो. नाव घेऊन मी कधी हाक मारली नाही, आणि इथंही लिहीत नाही.

आता ते दुधाचं भांडण. हे घरी बसले तोवर माझं काम वाढलं होतं. पुण्याच्या एका कंपनीकडून मला रशियन यंत्रांची पुस्तकं भाषांतराला यायची, अजून येतात. परवापरवाचीच गोष्ट, म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षीची. ट्रॅक्टरचं एक पुस्तक आलं आणि त्यात आमचा जुना मखवीक भेटला. मी चहाचं दूध ठेवत म्हटलं, "एवढी वर्षं झाली, हा शब्द आला कुठून ते आपण बघितलंच नाही."

हे लगेच म्हणाले, "त्यात काय बघायचं? माखतेत ना त्याला ग्रीस? माखायचं म्हणून माखविक."

"अहो, ते रशियन आहे!"

"असंल. ग्रीस काय फक्त लातुरातच माखतेत का?"

"तुम्ही उगं काहीही ठोकू नका."

"आन तू तरी काय, पुस्तकात बघून सांगणार. पुस्तक लिहिणारानं चाक बघितलं होतं का?"

झालं. मी जाडजूड कोश काढला, हे चष्मा शोधायला लागले, तो माझ्याच डोक्यावर होता, आणि तिकडं दूध गेलं. पण शब्द सापडला. रशियनमध्ये मखात्य म्हणजे हलवणं, झुलवणं. हात हलवणं, रुमाल हलवणं, पंख मारणं. पवनचक्कीच्या फिरणाऱ्या पात्याला जुन्या भाषेत माख म्हणत. पक्ष्याच्या पंखातली उडायच्या कामाची जी मोठी पिसं, त्यांचं नावही ह्याच घराण्यातलं. आधी ह्या चाकाला "झुलतं चाक" असं दोन शब्दांत म्हणत, मग घासून घासून त्याचं एकट्याचं मखवीक झालं. त्याच पानावर खाली आणखी एक होतं. कशावर तरी हात हलवणं, म्हणजे त्या गोष्टीचा नाद सोडणं. ते मी मोठ्यानं वाचलं नाही, कारण हे उठून उभे राहिले होते.

उभे राहून त्यांनी खांद्यापासून हात गोल फिरवला. आमची मिलची खूण. बरणी पडली कोपरा लागून, त्याचं काही नाही. "बघ! हातावरनंच नाव ठिवलंय की! आम्ही काय येगळं करत होतो? लई शहाणे हायेत गं तुझे रशियन, आमच्या मिलमधनं उचललंय त्यांनी." आणि असे हसले, असे हसले की मला राग धरवेना. दूध शेवटी त्यांनीच पुसलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी हे नळाचा वायसर बदलत होते. हातात पाना घेऊन स्वयंपाकघरात आले आणि काहीतरी बोलले. शब्द नव्हता तो, नुसता आवाज. मी पोळी उलटता उलटता म्हटलं, "नाटकं करू नका सकाळी सकाळी." तेवढ्यात हातातला पाना खाली पडला. त्यांच्या हातातनं पाना पडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून वळले. तोंड एका बाजूला ओढलं होतं.

लकवा होता. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि बोलणं गेलं. सगळं. "हो" नाही, "नाही"सुद्धा नाही. ऐकू येत होतं, आपलं माणूस कळत होतं, पण तोंडातनं शब्द निघेना. असं बोलणं गेलेल्या माणसांना शिकवणारी एक बाई माझ्या भावाच्या ओळखीची होती, नांदेडला. तरुण पोरगी, पण जीव लावून करायची. तिनं मला समजावलं, "काकू, शब्द पुसले गेलेत असं समजू नका. आत असतील. पण पहिले काही महिने फार महत्त्वाचे. एक शब्द निघाला तर पुढचे निघायची आशा असते."

एक शब्द. मला तेवढाच पाहिजे होता. कुठलाही चालला असता. मला शिवी घातली असती तरी मी गल्लीत पेढे वाटले असते.

दर आठवड्याला गाडी करून आम्ही लातूरहून निघायचो. अहमदपूर, लोहा, नांदेड. लोह्याला चहाला थांबायचो. मी बशीत ओतून द्यायची आणि म्हणायची, "चहा. म्हणा, चहा." हे माझ्या तोंडाकडं बघायचे आणि डाव्या हातानं बशी घ्यायचे. टपरीवरची माणसं बघायची. बघेनात का.

मास्तरीणबाई म्हणाली, ओळखीच्या वस्तू आणा. मी पिशवी भरून नेली. नट, बोल्ट, बेरिंग, पट्ट्याचा तुकडा, तो सकाळी पडलेला पाना. हे एकेक उचलायचे, डाव्या हातात फिरवून बघायचे, सदऱ्याला पुसायचे, नीट ओळीत ठेवायचे. नाव नाही. मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना नावानं हाक मारा. माणूस स्वतःच्या नावाला लवकर वळतो." मला मेलीला इतकी लाज वाटली! पण मारली हाक. घसा साफ करून, मोठ्यानं, पहिल्यांदा. ह्यांनी मान वळवली. माझ्याकडं नाही, दाराकडं. ह्यांना वाटलं, बाहेरनं कुणी बोलावतंय. माझ्या आवाजात ते नाव त्यांनी ऐकलंच नव्हतं कधी. मी हळूच "अहो" म्हटलं, तेव्हा माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी परत येताना गाडीत मला सुचलं. शब्द नाही तर नाही, खुणा? मिलच्या खुणा ह्यांच्या तोंडात कधी नव्हत्याच, हातात होत्या. आणि डावा हात तर शाबूत होता. घरी आले, ह्यांना खुर्चीवर बसवलं, पुढं उभी राहिले आणि खांद्यापासून हात गोल फिरवला. "मिस्त्री, काय हे?"

माझ्या फिरणाऱ्या हाताकडं बघितलं. मग डावा हात उचलला. वाकडा, अर्धाच, पण गोल फिरवला.

अगं बाई गं! मी रडले, हसले, भावाला फोन केला, शेजारणीला ओढून आणलं. "बघ, मोठं चाक म्हणाले! मखवीक म्हणाले!" तिला त्यातलं काय कळणार? पण तीही बिचारी रडली माझ्याबरोबर. मास्तरीणबाईला कळवलं तर ती म्हणाली, "फार छान. आता ह्या खुणेला शब्द जोडायचा प्रयत्न करा."

आणि मी जुंपले. सकाळी उठलं की हात फिरवा, म्हणा चाक. जेवायला बसलं की हात फिरवा, म्हणा चाक. ओठ कसे करायचे ते आरशात दाखवायची. मधेच मला वाटायचं, मखवीक म्हणा, "म" सोपा असतो, लहान मुलांना पहिला "म"च येतो. म्हणा म. ओठ मिटा, असे. त्यांचे ओठ मी बोटांनी मिटवायची. घामाघूम व्हायचे. खूण करायचे, पुन्हा पुन्हा करायचे, आवाज मात्र घशातच घुटमळायचा. कपाळावरच्या शिरा दिसायच्या. तरी मी म्हणायची, "अजून एकदा. शेवटचं."

मग एकदा नांदेडला त्या मास्तरीणबाईच्या टेबलासमोर आम्ही बसलो होतो. चित्रं मांडली होती. ती म्हणत होती, "काका, चा. चा." मी म्हणत होते, "म्हणा ना, परवा जवळजवळ आला होता." तेव्हा ह्यांनी डावा हात वर घेतला. तळहात जमिनीकडं केला. छातीसमोरून आडवा, हळू नेला. आणि मग तोच तळहात माझ्याकडं उभा केला, आणि तसाच ठेवला.

"अरे वा, काका टाटा करतायत!" ती पोरगी खूश झाली. "नवीन खूण! काय म्हणतायत, काकू?"

जन्मभर मी ह्या भाषेतनं त्या भाषेत करत आले. माझ्या पोटापाण्याचं काम तेच. इतकं सोपं वाक्य मला कधी कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी मागतायत."

ती लगबगीनं पाणी आणायला गेली. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ग्लास आला. मी तो ह्यांच्या तोंडाशी नेला, ह्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडं धरलेला हातही खाली घेतला नाही.

लोह्याला गाडी थांबली. मी चहा सांगितला, बशीत ओतला, आणि "म्हणा" म्हणायला तोंड उघडलं. हे खिडकीतनं बाहेर बघत होते. किती वाळले होते! गळ्याची कातडी लोंबत होती, आणि मी त्या गळ्यातनं शब्द ओढत बसले होते. मी बशी खाली ठेवली. पदराआड नाही, सरळ टपरीवरच्या माणसांसमोर, तळहात जमिनीकडं केला आणि छातीसमोरून आडवा नेला. बंद. बंद, मिस्त्री. ह्यांनी बघितलं आणि स्वतः हात पुढं करून बशी मागितली. सगळा चहा प्यायले.

त्यानंतर शिकवणं नाही. नांदेडच्या फेऱ्या बंद. भाऊ रागावला, म्हणाला, "एवढ्यात हात टेकलेस?" आम्ही गॅलरीत बसायचो. खाली शिकवणीला जाणारी पोरं सायकली दामटत जायची, मी भाजी निवडायची, ह्यांना एखादं बेरिंग दिलं की डाव्या हातात फिरवत बसायचे. मी एकटीच बडबडायची. कुणी उलट बोलत नाही म्हटल्यावर बोलण्यात काही मजा नसते, तरी बोलायची. थंडी आली तसे अंथरुणावरच राहायला लागले. पुन्हा दवाखाना म्हटलं की डावा हात आडवा जायचा. डॉक्टर घरी येऊन गेले, मला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगून गेले.

दुपारची वेळ होती. घरात भाऊ होता, शेजारपाजारचे होते. श्वास लांब लांब यायला लागला. एक यायचा, मग वाटायचं झालं, मग परत एक. कुणीतरी म्हणालं, पाणी घाला तोंडात. कुणीतरी तुळशीचं पान आणायला धावलं. कुणी म्हणालं, आता खाली घ्या. सगळे एकदम पुढं आले, भावानं तर खांद्याखाली हात घालायला हात पुढं केला.

मी उठून उभी राहिले. सगळ्यांकडं तोंड केलं आणि तळहात वर धरला. कुणाला काही कळलं नाही, पण सगळे जागच्या जागी थांबले. भाऊ म्हणाला, "अगं, काय करून राहिलीस?" मी हात तसाच धरला. मागून तो श्वास ऐकू येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग अजून एक, बारीक. माझा हात भरून आला होता, खांदा ठणकत होता. ह्यांचा कधी ठणकला असेल का, हे मी विचारलंच नव्हतं त्यांना.

मग काहीच ऐकू येईना. तरी मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. पूर्ण थांबल्यावर मी हात खाली घेतला.